हलक्या स्पोर्ट्स कारमधील हायड्रॉलिक हँडब्रेक

घाटाच्या चढावर गाडी थांबवली की चालकाचा डावा हात आपसूक हँडब्रेककडे जातो. गाडी जागेवर धरून ठेवणे, एवढेच काम बहुसंख्य लोक या दांड्याकडून अपेक्षित धरतात आणि कारखान्यातही त्याची रचना तेवढ्याच कामासाठी केलेली असते. रॅली, ऑटोक्रॉस आणि जिमखाना या प्रकारच्या स्पर्धांत मात्र हाच दांडा गाडी वळविण्याचे साधन होतो. धावत्या गाडीची मागची चाके क्षणभर जखडायची, मागचा भाग बाहेर फेकला जाऊ द्यायचा आणि एरवी गाडी पुढे-मागे करून घ्यावे लागेल असे वळण एका झटक्यात पुरे करायचे, असे हे तंत्र आहे. तारेवर चालणारा नेहमीचा हँडब्रेक या कामाला बहुधा अपुरा पडतो. त्याच्या जागी अथवा त्याच्या जोडीला जो बसवला जातो, तो हायड्रॉलिक हँडब्रेक. अलीकडे तो सुट्या भागांच्या दुकानांत तयार संचाच्या रूपात मिळू लागला आहे आणि दिसायला सोपा असल्याने हौशी मंडळी तो घरगुती गाडीतही बसवू पाहतात. तो नेमका कसा चालतो आणि कोठे दगा देऊ शकतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तार आणि तेल

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम आजच्या सर्व हायड्रॉलिक ब्रेकचा पाया आहे. मोटारीत तो आणण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांना दिले जाते. त्यांनी १९१७ च्या सुमारास हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते तुलनेने स्वस्त गाडीत आणले. पुढील काळात पायाचा ब्रेक जवळजवळ सर्वत्र तेलावर गेला. हाताचा ब्रेक मात्र तारेवरच राहिला, आणि यामागे केवळ काटकसर नव्हती. तेलाची नळी फुटली, तरी गाडी थांबविण्याचा एक पूर्णपणे वेगळा मार्ग चालकाच्या हाती असावा, असा त्यात विचार होता. पुढे कायद्याची चर्चा येईल, तेव्हा हा मुद्दा पुन्हा लक्षात घ्यावा लागेल.

तारेच्या ब्रेकच्या मर्यादा स्पष्ट आहेत. तार ताणली जाते, तिच्या आवरणात गंज धरतो, वळणावळणाच्या मार्गात घर्षणाने बराच जोर वाया जातो. मागच्या चाकांना ड्रम असतील, तर ड्रमच्या रचनेमुळे थोड्या ओढीतही ब्रेक चांगला लागतो. पण डिस्क आल्या की परिस्थिती पालटते. कॅलिपरला जोडलेल्या छोट्या तरफेने पॅड डिस्कवर दाबायचे, तर जोर फार लागतो. उभी गाडी धरून ठेवण्यास तो पुरतो. ताशी ५० किलोमीटर वेगातील चाक एका क्षणात जखडण्यास पुरत नाही.

हायड्रॉलिक हँडब्रेकमध्ये तारेऐवजी दांड्याच्या बुडाशी एक छोटा मास्टर सिलिंडर असतो. दांडा ओढला की दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलचा दाब थेट मागच्या कॅलिपरवर जातो. पायाच्या ब्रेकला जे बळ आहे, तेच हाताला मिळते. शिवाय या दांड्याला दातेरी खटका नसतो. हात सोडला की तो आपोआप मागे येतो.

ही आपोआप मागे येण्याची कल्पना मात्र नवी नाही. एमजी आणि मॉर्गन या ब्रिटिश कंपन्यांच्या जुन्या उघड्या गाड्यांत उलट्या चालीचा हँडब्रेक असे. नेहमीच्या दांड्यावर बटण दाबले की ब्रेक सुटतो; या गाड्यांत बटण दाबले तरच ब्रेक अडकून राही, एरवी नुसता ओढून सोडला की सुटे. त्यामुळे ऐन वळणात दांडा अडकून मागची चाके जखडलेलीच राहण्याचा धोका टळे. आजचा हायड्रॉलिक दांडा चालीच्या बाबतीत या जुन्या दांड्याचाच वारस म्हणावा लागेल.

हलक्या गाडीचा प्रश्न

हलक्या स्पोर्ट्स कारचा सर्वात ठळक नमुना म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेली ही दोन आसनी गाडी म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पुढे एक साधे इंजिन. दरवाजे नाहीत, छप्पर असून नसल्यासारखे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कार्स या ब्रिटिश कंपनीकडे गेले आणि तेव्हापासून केटरहॅम सेव्हन या नावाने तिची निर्मिती होत आली आहे. तिच्या बहुतेक आवृत्त्यांचे वजन ५०० ते ६०० किलोच्या आसपास भरते.

एवढ्या हलक्या गाडीला मोठ्या ब्रेकची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर वजनाच्या वाटणीत आहे. रॅलीच्या इतिहासात गाजलेल्या मिनी कूपर एस या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि ओढणारी चाके, सर्व काही पुढे. मागे उरलेले वजन थोडे आणि ब्रेक लावताना तेही पुढे ढकलले जाणारे. अशा गाडीची मागची चाके साध्या तारेनेही जखडू शकतात. सेव्हनमध्ये मात्र इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेले आणि चालक जवळजवळ मागच्या धुरीला टेकून बसलेला असतो. वजन पुढे-मागे बरेचसे समान वाटले जाते. त्यामुळे गाडी एकूण हलकी असूनही मागच्या टायरांवर पुरेसा भार राहतो, टायर रुंद आणि चिकट असतात आणि त्यांना जखडायला खरोखरच जोर लागतो. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या या गाड्यांत आणखी एक पथ्य आहे. हँडब्रेक ओढताना क्लच दाबला नाही, तर जखडलेल्या चाकांबरोबर इंजिनही बंद पडते. मोकळ्या मैदानात ते हसण्यावारी नेता येते. रॅलीच्या अरुंद वळणावर गाडी आडवी होऊन बंद पडणे म्हणजे मागून येणाऱ्या स्पर्धकाच्या वाटेत भिंत उभी राहणे.

चाक जखडले की गाडी का वळते, हेही पाहण्यासारखे आहे. टायरची पकड हे मर्यादित भांडवल असते. त्यातील काही भाग गाडी पुढे नेण्यात किंवा थांबविण्यात खर्च होतो आणि उरलेला तिला बाजूला घसरू न देण्यात. चाक पूर्ण जखडले की सारे भांडवल घसटण्यात संपते आणि बाजूचा आधार नाहीसा होतो. पुढची चाके वळलेली आणि पकड धरून असतात, मागची निराधार. गाडी मग पुढच्या चाकांभोवती फिरू लागते. पुरेशी फिरली की दांडा सोडायचा आणि ॲक्सिलरेटर द्यायचा. हा सारा खेळ एका-दीड सेकंदाचा असतो. म्हणूनच स्पर्धेच्या गाडीत दांडा उभा आणि स्टिअरिंगच्या अगदी जवळ बसवतात.

चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत हे तंत्र जसेच्या तसे चालत नाही, कारण मागची चाके जखडली की मधल्या डिफरन्शियलमधून तो अडथळा पुढच्या चाकांनाही जाणवतो. म्हणून अशा रॅली गाड्यांत दांडा ओढताच पुढच्या-मागच्या चाकांमधील जोड सुटेल, अशी व्यवस्था केलेली असते. टोयोटाच्या जीआर यारिस या रस्त्यावरील गाडीतही ती आहे.

किती जोर, किती दाब

हायड्रॉलिक हँडब्रेक घेताना दोन आकड्यांवर सगळे अवलंबून असते. एक म्हणजे दांड्याचे गुणोत्तर, म्हणजे हाताचा जोर दट्ट्यापर्यंत जाईतो किती पट होतो ते. आणि दुसरा सिलिंडरचा आतील व्यास. समजा, चालकाने दांडा २० किलोच्या जोराने ओढला आणि गुणोत्तर सातास एक आहे. दट्ट्यावर १४० किलोचा जोर येईल. सिलिंडरचा व्यास १५.९ मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापात पाच अष्टमांश इंच असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ जवळजवळ दोन चौरस सेंटिमीटर भरते आणि तेलातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० किलो होतो. तोच सिलिंडर पाऊण इंचाचा, म्हणजे १९ मिलिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच ओढीत दाब ५० किलोच्याही किंचित खाली राहतो.

मग लहान सिलिंडरच घ्यावा, असे वाटेल. पण लहान सिलिंडर तेलही कमी ढकलतो. मागचे पॅड डिस्कला भिडवण्यासाठी दीड घन सेंटिमीटर तेल लागते असे धरले, तर लहान सिलिंडरचा दट्ट्या साडेसात मिलिमीटर सरकावा लागतो आणि हाताचा दांडा पाच सेंटिमीटरहून अधिक. मोठ्या सिलिंडरमध्ये तेच काम हाताच्या पावणेचार सेंटिमीटर चालीत होते. मोठे कॅलिपर आणि लहान सिलिंडर अशी जोडी जमवली, तर दांडा चालकाच्या मांडीला लागेपर्यंत ओढूनही ब्रेक लागत नाही. उलट टोकाला दांडा दगडासारखा कठीण लागतो. ‘मोठा म्हणजे चांगला’ हा सर्वसाधारण समज येथे सपशेल चुकीचा ठरतो.

जोडणीचे प्रकार

सर्वाधिक प्रचलित जोडणीत हँडब्रेकचा सिलिंडर पायाच्या ब्रेककडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीच्या मध्येच बसवतात. दांडा मोकळा असताना पायाच्या ब्रेकचे तेल या सिलिंडरमधून निर्वेध पलीकडे जाते. दांडा ओढला की दट्ट्यावरील रबरी सील येण्याचा मार्ग बंद करते आणि पलीकडचे अडकलेले तेल दाबले जाते. वेगळी टाकी नको, वेगळे कॅलिपर नकोत, खर्च कमी आणि वजनही किरकोळ. हलक्या गाडीला हे सोयीचे.

मात्र या साध्या रचनेत एक छुपा धोका आहे. पायाचा ब्रेक जोरात दाबला की त्याचा संपूर्ण दाब हँडब्रेकच्या सिलिंडरमध्ये मागच्या बाजूने शिरतो. सर्वसाधारण क्लच किंवा ब्रेकचा सिलिंडर वरच्या टाकीतून निव्वळ उताराने येणाऱ्या तेलासाठी बनवलेला असतो. त्याचे तेल आत घेणारे तोंड आणि मागचे सील एवढ्या दाबासाठी नसतातच. भंगारातील क्लचचा सिलिंडर आणून त्याला दांडा जोडण्याचा उद्योग काही हौशी लोक करतात. तो पहिल्या काही दिवसांत उत्तम चालतो आणि एखाद्या निकराच्या क्षणी पायाचा ब्रेकच निकामी करून ठेवतो. या जोडणीसाठी दोन्ही बाजूंनी दाब सोसणारा, मुद्दाम त्यासाठी बनवलेला सिलिंडरच घ्यावा, याला पर्याय नाही.

दुसरी चूक त्याहून साधी आहे. दांडा आणि दट्ट्या यांच्यामध्ये किंचित मोकळीक ठेवावी लागते. ती नसेल, तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, तेल परतण्याची वाट बंदच राहते. ब्रेक तापला की तेल फुगते, त्याला परत जायला जागा नसते, म्हणून पॅड डिस्कला घासत राहतात, आणखी तापतात आणि अखेर चाके धावत्या गाडीत स्वतःहून जखडतात. मिलिमीटरभर मोकळिकीचा हा प्रश्न आहे.

दुसऱ्या प्रकारात मागच्या प्रत्येक डिस्कला दोन कॅलिपर देतात, एक पायाच्या ब्रेकसाठी आणि एक हातासाठी; टाकी, नळ्या सारे वेगळे. ड्रिफ्टिंगच्या गाड्यांत ही पद्धत लोकप्रिय आहे, कारण दोन्ही ब्रेक एकमेकांत ढवळाढवळ करीत नाहीत. पण चाकापाशी वजन वाढते आणि सेव्हनसारख्या गाडीत, जेथे एकेक किलो मोजला जातो, तेथे ते अनेकांना जड वाटते.

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकची दोन मंडले तिरकी असतात. एका मंडलात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक, दुसऱ्यात उरलेली दोन. एक मंडल फुटले तरी दुसरे गाडी थांबवते, हा हेतू. अशा गाडीत एका सिलिंडरचा हँडब्रेक बसवणे म्हणजे दोन स्वतंत्र मंडले एकत्र करून ती सुरक्षितताच घालवणे होय. तेथे एका दांड्याला दोन सिलिंडर जोडलेला संच लागतो. मोटार स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या एफआयएच्या नियमांतही यांत्रिक हँडब्रेकऐवजी हायड्रॉलिक लावण्याची मुभा देताना मंडलांच्या रचनेची अट घातलेली आढळते. गाडीत एबीएस असेल, तर गुंतागुंत वाढते, कारण चाक मुद्दाम जखडले आहे की घसरले आहे, हे त्या यंत्रणेला कळत नाही. स्पर्धेच्या गाड्यांतून एबीएस बहुधा काढूनच टाकलेले असते; रस्त्यावरच्या गाडीत तसे करणे हा शुद्ध अविचार आहे.

ट्रॅक्टरची आठवण

हाताच्या किंवा एकेका चाकाच्या ब्रेकने गाडी वळविण्याचे तंत्र मराठी शेतकऱ्याला अपरिचित नाही. ट्रॅक्टरला मागच्या डाव्या आणि उजव्या चाकांसाठी ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात. शेताच्या बांधाशी वळताना आतल्या चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पेडल एकमेकांना अडकवून ठेवावी लागतात. इंग्लंडमध्ये चिखलाच्या टेकड्यांवर होणाऱ्या ट्रायल्स स्पर्धांतील हलक्या गाड्यांत नेमकी हीच युक्ती हाताच्या दोन दांड्यांनी साधतात. वाळवंटात धावणाऱ्या बग्गी गाड्यांतही असे दुहेरी हायड्रॉलिक दांडे असतात, डावा दांडा डाव्या चाकाला आणि उजवा उजव्याला.

सेव्हनच्या जातीची गाडी महाराष्ट्रातही घडली आहे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर ‘रोडस्टर १.८ एस’ ही गाडी बनवली. अंग फायबरचे आणि इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे. कोकणच्या किनाऱ्यावर अशी गाडी बाळगणाऱ्याने, ब्रेक कोणताही असो, तेलाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर त्याच तेलासाठी मानक किमान १५५ अंशांचे आहे. स्पर्धेत तापलेल्या ब्रेकपाशी तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेलासारखी जोर पुढे पोहोचवत नाही, आणि दांडा पोकळ लागू लागतो. त्यामुळे वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सरल्यावर, तेल बदलणे श्रेयस्कर. तेल बदलताना उभ्या बसवलेल्या सिलिंडरच्या वरच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि कितीही पंप मारले तरी निघत नाही. अनुभवी मेकॅनिक अशा वेळी सिलिंडर सोडवून, तिरपा धरून हवा काढतात.

कायदा काय म्हणतो

हायड्रॉलिक हँडब्रेक पार्किंग ब्रेक म्हणून चालेल काय? ब्रिटनमध्ये, जेथे या हलक्या गाड्यांचा सर्वात मोठा चाहतावर्ग आहे, उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. १९८६ च्या तेथील नियमावलीनुसार उभ्या गाडीचा ब्रेक थेट यांत्रिक क्रियेनेच लागलेला राहिला पाहिजे; तेल, हवा किंवा वीज यांच्या आधारावर नव्हे. काही हायड्रॉलिक दांड्यांना ओढलेल्या स्थितीत अडकवण्यासाठी खीळ दिलेली असते, पण तिने हा प्रश्न सुटत नाही. शर्यतीनंतर तापलेली गाडी उतारावर उभी करून खीळ घातली, तर कॅलिपर आणि तेल थंड होऊन आकसतात, दाब उतरतो आणि तासाभरात गाडी आपणहून चालू लागू शकते. आजच्या मोटारींतील बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक या नियमात बसतो, कारण विजेची मोटर फक्त स्क्रू फिरवून पॅड आवळते; त्यानंतर ते धरून ठेवण्याचे काम स्क्रूच करतो.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९६ वा नियम पार्किंग ब्रेक आणि पायाचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम यंत्रणांची अपेक्षा करतो. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा. मूळची तार काढून टाकली आणि पायाच्या ब्रेकच्याच नळीत हायड्रॉलिक हँडब्रेक बसवला, तर दोन्ही ब्रेक एकाच तेलावर अवलंबून राहतात. मागची नळी फुटली की मागचा पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक एकदमच जातात. कसारा किंवा खंबाटकीच्या उतारावर पायाचा ब्रेक गेल्यावर ज्या दांड्याचा शेवटचा भरवसा, तोच नेमका नाहीसा झालेला असतो. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम प्रतिबंध करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला आहे.

रॅलीच्या गाड्याही या विचारातून सुटत नाहीत. स्पर्धेचे टप्पे बंद रस्त्यांवर होत असले, तरी एका टप्प्याहून दुसऱ्याकडे जाताना गाड्या सार्वजनिक रस्त्यानेच धावतात. त्यामुळे जाणते संघ मूळचा तारेचा ब्रेक जागेवर ठेवतात आणि हायड्रॉलिक दांडा त्याच्या शेजारी वेगळा बसवतात. मागचे कॅलिपर बदलले असतील, तर उभी गाडी धरण्यापुरता तारेवर चालणारा एक छोटा यांत्रिक कॅलिपर प्रत्येक डिस्कला जोडता येतो. वजन थोडे वाढते, एवढेच.

कारखान्यांनीही आता या तंत्राची दखल घेतली आहे. फोर्डने २०२४ च्या मस्टँगमध्ये दिसायला जुन्या दांड्यासारखा, पण प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक असलेला ‘ड्रिफ्ट ब्रेक’ दिला. उभ्या गाडीत तो पार्किंग ब्रेकचे काम करतो आणि स्पर्धेच्या मैदानावर मागची चाके जखडतो. सेव्हनसारख्या गाडीत असे काही बसवायचे, तर मोटर, नियंत्रक आणि तारांचे जंजाळ आलेच. त्या गाडीचा चाहता त्यापेक्षा एक साधा दांडा, एक सिलिंडर आणि हातभर नळीच पसंत करील.